चिमट्याचा मान

१४ सप्टेंबर १९३६, सोमवार

आज म्हातारीने माझ्या हातातून चिमटा काढून घेतला.

कुणाशी बोलणार? म्हणून ही शाळेतली उरलेली वही काढली. आठवीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

झालं काहीच नव्हतं. रोजच्यासारखं परातीत पीठ घेतलं, सोडा तळहातावर चोळून गुठळ्या मोडल्या, मीठ टाकलं, मधे खळगा करून ताक ओतलं. सोड्याच्या पावाला तिंबायचं नसतं. बोटं फाकवून फिरवायची आणि गोळा झाला की हात काढायचा. तेवढ्यात मला ठसका लागला. पीठ उडतं, धूर असतो, ठसका कुणाला लागत नाही? आजचा जरा थांबेचना, परातीवरच वाकून उभी राहिले एवढं खरं. तरी पाव थापला, वर क्रूस कापला, तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात ठेवून झाकण घातलं. झाकणावर निखारे रचायला चिमटा उचलला, तर म्हातारी मागे उभी.

"दे इकडे. तू बस जरा, पोरी. दमलीस."

"दिवस आत्ता उजाडलाय, आई. मी कशाला दमेन?"

"दे म्हणते ना!"

आणि ओढलाच. पाव उत्तम झाला होता. बुडावर टिचकी मारली तर ढोलासारखा वाजला. फडक्यात गुंडाळून खिडकीत उभा केला. दुपारी बघते तर खिडकी रिकामी. सगळाच्या सगळा डुकराला घातला तिने! वर म्हणते, "खाली जरा करपला होता."

लग्न होऊन आले तेव्हा याच सासूने दारात माझ्या डोक्यावर ओटची भाकरी मोडली होती, आणि सगळ्या वाडीसमोर चिमटा हातात ठेवून म्हणाली होती, "घे, आजपासून चूल तुझी." आमच्या या डोंगरात मरेपर्यंत चिमटा न सोडणाऱ्या सासवा आहेत. मला वाटलं, मी नशीब काढलं. दीड वर्षात सगळं परत घेतलं.

संध्याकाळी फीलिमला सांगितलं. तो बूट काढत होता. माझ्याकडे न बघता बुटालाच म्हणाला, "करू दे गं आईला. वय झालंय तिचं."

वय झालं म्हणून माणसाला काम देतात की काढून घेतात? नवरा म्हणून मला हा एकच मिळाला, काय करणार.

१९ सप्टेंबर

सोमवारपासून तिचाच पाव खातोय. फेकून मारला तर मेंढी मरेल. संधिवाताने बोटं वाकडी झालीत, पीठ गोळा करता करता ओठ चावते, तरी परातीला मला हात लावू देत नाही. हौस बघा! मी म्हटलं, "आई, तुमच्या हातांना त्रास होतो." तर म्हणाली, "हात माझे आहेत ना? मग?"

एक नवलाची गोष्ट. फळीवरचा निळ्या काठाचा कप तिने मला दिला. तिच्या आईचा आहे म्हणे. त्याला वेगळा खिळा ठोकलाय, कुणी त्यातून प्यायचं नाही, फक्त मी. आधी बरं वाटलं, म्हटलं चूक कळलेली दिसते. मग बघितलं तर तो कप ती घरातल्या भांड्यांबरोबर धूत नाही. अंगणात नेऊन त्याच्यावर उकळतं पाणी ओतते. इतका जपायचाच होता तर द्यायचा कशाला?

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी तिच्यावर ओरडले आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

कोलमनला दात येताहेत. गरम दुधात पाव कुस्करला, साखर घातली, आणि त्याला मांडीवर घेऊन भरवायला बसले. माझी आई भरवायची तसंच. आधी चमचा आपल्या तोंडात, गरम नाही ना बघायचं, मग बाळाच्या तोंडात. कडेचा कडक तुकडा असेल तर चावून मऊ करून द्यायचा. आम्ही सगळी भावंडं अशीच वाढलो. पहिला चमचा तोंडात घातला मात्र, म्हातारी कोपऱ्यातून धावत आली. या वयात ती इतकी पळू शकते हे मला ठाऊक नव्हतं. चमचा हिसकावला, वाडगा चुलीत उपडा केला आणि बाळ उचलून घेतलं.

"त्याला मी भरवत जाईन."

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

फीलिम दारात उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. नाही, अशी.

आज रात्रीपासून पाळणा तिच्या खोलीत. माझं दूध पातळ आहे, त्यावर पोर वाढणार नाही, असं ठरवलंय दोघांनी. मला विचारलं नाही. छाती दुखते, दोन्ही अर्थी दुखते. भिंतीपलीकडे तो रडला की माझा जीव तुटतो, आणि म्हातारीचा खर्जातला आवाज ऐकू येतो, "उगी, उगी, माझ्या राजा." तिचा राजा!

११ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून येताना शेजारची विनी गिलरेन आमच्याकडे टेकली. विनी म्हणजे आमच्या घरात चहा प्यायल्याशिवाय जिचा रविवार उजाडत नाही ती. मी निळा कप बाजूला ठेवला, तिच्यासाठी दुसरा घेतला, पावाला लोणी लावलं.

"नको गं अट्रॅक्टा, आत्ताच खाऊन निघाले."

"चर्चमध्ये काय खाल्लंस? मेणबत्त्या?"

हसली, पण कपाला हात लावला नाही. खुर्ची दाराकडे सरकवून बसली, आणि जरा वेळाने गेलीच. गेल्या महिन्यापासून सगळ्यांचं असंच. कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाची गाय वाट बघतेय. पूर्वी संध्याकाळी गप्पांना इतकी माणसं यायची की पिठाच्या पोत्यावर बसावं लागे.

रात्रभर विचार करून मला कारण सापडलंय. एक मेच्या सकाळी विनी आली होती, चूल विझली म्हणाली, निखारा मागितला. त्या दिवशी घरातून आग द्यायची नसते, दूध द्यायचं नसतं, मीठसुद्धा नाही. दिलं की घराची बरकत त्याच्यामागोमाग जाते. मला माहीत होतं. पण शेजारीण दारात उभी, नाही कसं म्हणणार? चिमट्याने मीच उचलून दिला. तेव्हापासूनच माझ्या अंगातली ताकद गेली. विहिरीवरून येताना दोनदा बादली खाली ठेवावी लागते. लोणीही धड येत नाही. म्हातारीला हे कळलं असणार, म्हणूनच चिमटा काढून घेतला. निदान भांडण कशाचं आहे ते तरी समजलं.

१२ ऑक्टोबर

म्हातारीला विचारलं, "मे महिन्यात मी विनीला निखारा दिला, त्याचाच राग आहे ना तुम्हाला?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हो. त्याचाच."

आणि डोळे पुसत बाहेर गेली. निखाऱ्यासाठी रडायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

२० ऑक्टोबर

आज सायकलवरून सरकारी नर्स आली. कुणी बोलावलं विचारलं तर म्हणते, "इकडून चालले होते." इकडून कुठे? आमच्या घरापुढे रस्ता नाही, डोंगर आहे.

रात्री घाम येतो का, विचारलं. येणारच, म्हातारी माझ्या अंगावर घरातली सगळी घोंगडी टाकते. वजन उतरलंय का? म्हटलं, आमच्याकडचा पाव खाऊन दाखवा, तुमचंही उतरेल. मग माहेरचं विचारायला लागली.

"बहीण गेली ना तुझी?"

"ईटा. नाचाला गेली होती, पावसात भिजली. थंडी छातीत बसली."

"आणि भाऊ?"

"पुढच्या वर्षी. त्यालाही थंडीच."

"दोघांनाही?"

"आमचं घर ओलीत आहे."

यात खोटं काय आहे? आईने शिकवलंय तेच मी सांगितलं. ती म्हणायची, कुणी विचारलं तर थंडी म्हणायचं, पुढे एक शब्द नाही, तुझं लग्न व्हायचंय. ईटा गेल्यावर तिची गादी जाळली आणि खोलीला चुना दिला, तो ढेकणांसाठी.

मग नर्सने मुद्द्याला हात घातला. टेकडीवर एक मोठं घर आहे, मोकळी हवा, दूध, अंडी, नुसतं पडून राहायचं. काही महिने.

"आणि बाळ?"

"बाळ इथेच राहील."

मग कळलं डाव काय आहे तो! चूल घेतली, बाळ घेतलं, आता मलाच उचलून टेकडीवर ठेवायचं. मी उठून दार उघडलं आणि तिच्या सायकलीकडे बोट दाखवलं. त्या घरात कुठल्या रोगाची माणसं राहतात हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे ते नाव कुणी काढत नाही. काढलं की त्या घरातल्या मुलींना स्थळं येत नाहीत.

३१ ऑक्टोबर

आज मनुकांचा गोड पाव झाला, आत अंगठी घालून. ज्याला मिळेल त्याचं वर्षात लग्न. दरवर्षी वाडीतल्या पोरी हसून हसून लोळतात. यंदा एकही आली नाही. म्हातारीने माझी फोड आधीच कापून माझ्या ताटलीत ठेवली. आम्ही तिघं खाल्लं. अंगठी म्हातारीच्या फोडीत निघाली, पण मला थट्टा सुचली नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

फीलिम माळ्यावर झोपतो. पहाटे गाईकडे जाताना माझी झोप मोडते म्हणून. मला जाग येते ती खोकल्याने, त्याच्यामुळे नाही, हे त्याला दहादा सांगितलं.

आज गोठ्याच्या दाराशी दोघांचं बोलणं कानावर आलं.

"तिला सांगायला हवं रे," म्हातारी म्हणत होती. "किती दिवस अशी चोरासारखी वागू? ती मला वैरीण समजते."

"समजू दे. तिला कळता कामा नये, आई. कळलं तर ती हाय खाईल. वसंतापर्यंत थांब. वसंतात बरं वाटतं माणसांना."

काय कळता कामा नये? आधी वाटलं, बाई ठेवलीय की काय. पण फीलिमकडे कोण बघणार, आणि त्याला सवड तरी कुठे आहे? मग वाटलं, अमेरिकेला जायचं ठरवलंय, मला मागे ठेवून. रात्री सरळ विचारलं. त्याने माझे दोन्ही हात धरले. हात धरले खरे, पण तोंड बाजूला वळवलेलं. मला रडू आलं.

६ डिसेंबर

म्हातारी माझ्यासाठी साय काढून ठेवते, अंडं फेटून देते, कोंबडीचा चांगला तुकडा माझ्या ताटात. स्वतः बटाटा आणि ताक. इतकी माया आणि इतका दुस्वास एका बाईत कसा मावतो, मला समजत नाही.

आज रुमालावर रक्त आलं. तिच्या पावाच्या कडेने हिरडी कापली, दुसरं काय. रुमाल चुलीत टाकला, उगाच आरडाओरडा नको.

आरशात पाहिलं. बारीक झालेय, पण गाल असे लालबुंद, डोळे असे चमकदार, लग्नातही इतकी छान दिसत नव्हते. ईटाही शेवटी शेवटी फार सुंदर दिसायची.

आज माझ्या मनाने एक ठरवलं. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरची बाई मोठा पाव घेऊन बंद दारावर तीनदा आपटते आणि उपासमारीला, सगळ्या अरिष्टाला बाहेर घालवते. मागच्या वर्षी मी आपटला होता, कोलमन पोटात असताना. यंदाही मीच आपटणार. आणि तो पाव माझ्या हातचा असणार.

३१ डिसेंबर, गुरुवार

देव माझ्या बाजूने आहे!

विनीचा सासरा काल गेला. म्हातारीला मातीला जाणं भाग होतं. कोलमनला पडसं, बाहेर वादळ, म्हणून त्याला फीलिमकडे ठेवलं. जाताना सतरा वेळा बजावलं, "लापशी झाकून ठेवलीय, तूच भरव, फीलिम. तूच." ती वळणाआड गेली आणि जरा वेळाने खालच्या वाडीतून हाक आली की आमचीच गाय चरात रुतलीय. फीलिम दोर घेऊन धावला. दारातून परत आला, माझ्याकडे पाहिलं, बाळाच्या खोलीकडे पाहिलं.

"तो झोपलाय. उठवू नकोस हं त्याला. मी आलोच."

"जा रे बाबा, गाय मरेल!"

तो गेला. घर माझं झालं.

खुंटीवरचा चिमटा काढला. पीठ, सोडा, मीठ, ताक. हात काही विसरले नव्हते. दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फचे निखारे झाकणावर रचताना मधेमधे बसावं लागलं, पण रचले. घरभर वास सुटला, आणि तो वास जणू बाळापर्यंत पोचला, कारण ते उठलं आणि रडायला लागलं.

मी त्याला उठवलं नाही. आपणहून उठलं.

लापशी बघितली, गारढोण आणि पातळ. ती मी माझ्या पोराला घालणार? पाव भांड्यातून काढला, गरम गरम मोडला, दुधात कुस्करला, साखर घातली. दोन पाव केले होते, मोठा दारासाठी आणि लहान आमच्या दोघांसाठी. त्याला मांडीवर घेतलं. किती जड झालाय! आधी माझ्याकडे परक्यासारखा बघत होता. मग माझ्या नाकाला हात लावला आणि हसला. प्रत्येक चमचा आधी माझ्या तोंडात, मग त्याच्या. कडेचा तुकडा त्याला फार आवडला, तो चावून चावून भरवला. चिमणीसारखा आ करायचा. वाडगा चाटूनपुसून साफ केला. इतक्या सुखात मी कित्येक महिन्यांत नव्हते.

म्हातारी आली तेव्हा अजून उजेड होता. शाल निथळत होती. तिने झाकलेली लापशी बघितली, माझ्या मांडीवरचा वाडगा बघितला.

"काय दिलंस त्याला?"

"पाव. माझ्या हातचा."

"चाखून दिलास?"

"मग काय, गरम घालू तोंडात? एकेक चमचा चाखला. कड चावून मऊ करून दिली. एक घास टाकला नाही त्याने."

मला वाटलं आता ओरडेल, बाळ ओढून घेईल. मी त्याला घट्ट धरलं. पण ती ओल्या शालीसकट बाकावर बसली, आणि बसूनच राहिली. फीलिम आला, गुडघ्यापर्यंत चिखल. तिने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "सांगायला हवं होतं रे तिला. मी म्हणत होते."

त्याने मांडीवरचा वाडगा पाहिला. टोपी काढून तोंडावर धरली आणि दाराला टेकून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"गाय गेली का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. निघाली. बरी आहे."

मग रडायला काय झालं? पुरुषमाणसं थंडीत फार वेळ उभी राहिली की असं होत असेल. मी म्हटलं, "अंधार पडायला आला. आज दारावर पाव कोण आपटणार?"

म्हातारी उठली. मी चिमटा चुलीपाशीच टाकला होता, तो तिने वाकून उचलला. वाटलं, खुंटीला लावेल. तिने तो माझ्या हातात दिला आणि आपल्या वाकड्या बोटांनी माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"घे, पोरी. आता कशाची राखण करू मी?"

शेवटी मानलं तर! मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला लांब केलं नाही, माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली.

मग दार लावून घेतलं आणि मोठा पाव दोन्ही हातांनी तीनदा दारावर आपटला. "जा, बाहेर जा, आमच्या घरातून दूर जा!" शेवटच्या वेळी ठसक्याने शब्द पुरा झाला नाही, पण पाव छान फुटला, चुरा घरभर उडाला.

पाळणा आता माझ्या खोलीत आलाय. पाळणा कशाला, कोलमन माझ्या कुशीतच झोपलाय, गालाला गाल लावून. कुणी मागितला नाही.